बांधावरची अंबाडी

आमच्या घरात साखरेचा डबा उघडा असतो, बाजारातून आलेले पैसे टीव्हीखालच्या खणात उघडेच पडलेले असतात, आणि देवघराला तर मुळात दारच नाही. कुलूप आहे ते एकाच कपाटाला, आणि ते माझ्यामुळे आहे. त्याची किल्ली वहिनींच्या कमरेला असते. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की त्यांचा हात आपोआप कमरेकडे जातो. त्यांना वाटतं मला दिसत नाही. अहो, सगळं दिसतं! व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला एक विद्या फुकटात मिळते, ती म्हणजे दुसऱ्याची नजर वाचायची.

नाशिकच्या कडेला आमचा मळा आहे. कडेला होता म्हणायचं, कारण आता तीन बाजूंनी इमारती उभ्या आहेत आणि वरच्या बाल्कन्यांतून लोक आमच्या मेथीचे फोटो काढतात. मळा दादा बघतो. मेथी, शेपू, कोथिंबीर, अंबाडी, सगळी पालेभाजी. वीतभर वाढली की उपटायची, हौदात धुवायची, जुड्या बांधायच्या आणि बाजारात न्यायच्या. दादाच्या हातची जुडी बाजारात ओळखू येते, इतकी ती नेटकी असते. माणूसही तसाच आहे, सुतळीनं आवळून बांधलेला. सकाळी उठला की आधी तंबाखू मळणार, खालच्या ओठात सारणार, आणि मग देवाला नमस्कार करणार. कपाळावर टिळा आणि ओठात तंबाखू, असं त्याचं रूप मी जन्मापासून बघतोय.

आणि मी धाकटा. चाळिशी उलटली तरी घरात ‘बारक्या’च. माझी कथा थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली की लोकांना कीव येते आणि कीव मला संशयापेक्षा जास्त झोंबते. आधी गांजा ओढला, मग पांढरी पावडर आली. पावडरीनं दात गेले, बायको गेली, नोकरी गेली. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा राहिलो. पहिल्यांदा पळून आलो, दुसऱ्यांदा टिकलो. तेव्हापासून कोरडा आहे. मला कुणी हार घालावा असं मी म्हणत नाही. पण दुकानातून येताना दहा मिनिटं उशीर झाला की दादा माझ्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखा बघतो, ते बंद झालं तर बरं, एवढंच.

पावडरीच्या आधीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मागच्या कुंभात मला गोदाघाटावर पकडलं होतं. खिशात गांजाची एक पुडी होती. पकडलं ती जागा मला अजून दिसते. मागे एक बाबा बसले होते, जटा कमरेपर्यंत, आणि त्यांच्या चिलमीचा धूर सरळ आमच्या अंगावर येत होता. मला धरणाऱ्या पोलिसानं आधी बाबांना वाकून नमस्कार केला आणि मग माझी कॉलर पकडली. मी म्हटलं, ‘साहेब, वास तर तोच आहे.’ त्यावर एक कानाखाली बसली. मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो, पुडी माझीच होती. पण पुढे कित्येक महिने मी कोर्टाच्या तारखांना उन्हात उभा राहिलो, तेव्हा याच नाशकात मुंबईहून गाड्या भरभरून लोक वाइन प्यायला येत होते आणि त्याला पर्यटन म्हणत होते. झाड एकच असतं, पण ते कुणाच्या हातात आहे ते बघून कायदा डोळे उघडतो किंवा मिटतो, हे मी तेव्हाच शिकलो.

त्या वेळी वकिलानं आम्हाला समजावलं होतं. दादाही सोबत होता. वकील म्हणाला, ‘नुसत्या पानाला कायदा गांजा म्हणत नाही. शेंडा, फुलोरा, त्याला म्हणतो. आणि झाड लावलं असेल तर मग विचारूच नका, ज्याची जमीन तो आत.’ मी ते ऐकलं आणि विसरलो. दादा विसरला नाही. सातबारा त्याच्या नावावर आहे ना!

हे सगळं जुनं झालं. नवं सुरू झालं ते आईच्या दुखण्यापासून.

आईला पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाली, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता ठीक आहे. कागदावर ठीक होतं. घरी मात्र हातापायांची अशी आग व्हायची की ती गार फरशीवर तळवे टेकवून बसायची. अन्न समोर आलं की तोंड फिरवायची. जिनं उभ्या जन्मात ताटात शीत टाकलं नाही, ती भाताकडे बघून म्हणायची, ‘नको रं, वास येतोय.’ माझी आई पंख्याच्या वाऱ्यानं हलेल इतकी हलकी झाली. मला भीती वाटायला लागली.

कुणीतरी इंदिरानगरातल्या एका वैद्यांचं नाव सांगितलं. मीच गेलो चौकशीला. आधी सांगतो, मला तिथलं काहीच आवडलं नाही. भिंतीवर हिरव्या पानाचं गुळगुळीत चित्र, टेबलावर कागद, आणि कागदावर छापलेलं की झोप, भूक, सांधे, मन, सगळ्यावर उपाय. सगळ्यावर उपाय म्हटलं की मी खिसा सांभाळतो. मला पावडर देणाराही हेच म्हणायचा. पण वैद्य स्वतः जरा वेगळे निघाले. ते म्हणाले, ‘आजार याने जाणार नाही. त्रास थोडा कमी होईल, भूक लागेल कदाचित. कुणाला लागते, कुणाला नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही.’ मग म्हणाले, ‘यात विजया आहे. म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?’

मी म्हटलं, ‘भांगेचं झाड. माझी जुनी ओळख आहे.’

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘घरात कुणाला व्यसन आहे का?’ त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. खोटं बोलायचा आता कंटाळा येतो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘मग बाटली तुमच्या ताब्यात नको. दुसऱ्या कुणीतरी कुलपात ठेवायची.’ राग आला? आला. पण बरोबर बोलले ते.

मोठ्या डॉक्टरांनी खांदे उडवले आणि चालू औषधं बंद करायची नाहीत या अटीवर परवानगी दिली. घरी येऊन मी दादाला सगळं उघड सांगितलं. लपवलं असतं आणि त्याला पुढे कळलं असतं तर त्यानं मला मेथीसारखं उपटलं असतं. त्यानं ऐकून घेतलं, ओठातला तंबाखू जिभेनं एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला आणि म्हणाला, ‘तरीच म्हटलं, तुला आईचा एवढा पुळका कुठून आला!’

मी चपला घालून वैद्यांकडे निघालो. बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि तेल आलंच नसतं.

तर असं ते तेल घरात आलं. रीतसर चिठ्ठी, पक्कं बिल, बाटलीवर लेबल. ज्या झाडाच्या एका पुडीपायी मी तारखा भोगल्या, तेच झाड कोट-टाय घालून आमच्या कपाटात जाऊन बसलं. वहिनी सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडायच्या, आईच्या जिभेखाली थेंब सोडायच्या, परत कुलूप लावायच्या. मी तेव्हा कपाटापासून लांब उभा राहायचो, दोन्ही हात दिसतील असा. आणि खरं सांगू? झाकण उघडलं की तो ओला, हिरवा वास यायचा आणि मी नकळत खोल श्वास ओढून घ्यायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनी किल्ली कमरेला लावली म्हणून मी चिडायचो, आणि लावली म्हणून मला गाढ झोपही लागायची.

चमत्कार वगैरे झाला नाही. पण थोड्या दिवसांनी आईनं अर्धी भाकरी खाल्ली. फरशीवर तळवे टेकवणं कमी झालं. एका दुपारी ती दारातल्या ओट्यावर ऊन खात बसली होती, आणि आपणहून म्हणाली, ‘बारक्या, आंबाडीची भाजी खाऊ वाटती रं. कण्या घालून. वरून लसणाची फोडणी.’

इतक्या महिन्यांत तिनं तोंडानं काही मागितलं ते हे पहिलं! मी पळतच दादाच्या वाफ्यातली एक जुडी घेऊन आलो. वहिनींनी भाजी केली. आईनं एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. ‘ही नाय,’ ती म्हणाली. ‘ही कवळी, पानचट. माझ्या माहेरची बांधावरची असायची. उपटायची नाय ती. वाढू द्यायची, आन् नुसतं शेंडं खुडायचं. खुडलं की परत फुटती. आंबट अशी, की डोळा मिटला पाहिजे.’

आईचं माहेर घोटीकडचं. भाताची खाचरं, आणि खाचरांच्या बांधावर अंबाडी. मी घोटीच्या बाजारात गेलो. एका म्हातारीकडे फडक्यात बी होतं. ती म्हणाली, ‘गावठी हाय, लय आंबट.’ मी मूठभर घेतलं आणि मळ्याच्या मागच्या बांधावर, ओढ्याकडच्या बाजूला टाकलं. तिथं टाकलं, कारण वाफ्यातली इंचभर जागाही दादा मला देत नाही. दादाला सांगितलं नाही, कारण बांधावर चार काड्या लावायला परवानगी मागायची म्हणजे फारच झालं. आणि आईला आयतं ताट समोर ठेवून चकित करायचं होतं.

अंबाडी तरारून आली. आणि एके दिवशी पाणी घालताना माझा हात थांबला.

खालची पानं साधी, गोल होती. वरची मात्र बोटांची! पाच-पाच लांब बोटं, कडेला करवतीचे दाते. रिक्षाच्या मागे पोरं जे हिरवं पान चिकटवतात, अगदी तसंच. मला दरदरून घाम फुटला. त्या म्हातारीनं मला कसलं बी दिलं? कुणी मुद्दाम दिलं का? माझा चेहरा बघून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. गांजा मी वर्षानुवर्षं ओढला, पण बघितला तो पुडीतला, सुका, चुरलेला. उभं झाड माझ्या बापजन्मात बघितलं नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं, वरच्या बाल्कन्यांकडे बघितलं, आणि एक पान तोडून तोंडात टाकलं.

आंबट! असं आंबट, की खरंच डोळा मिटला. मी तिथंच बांधावर बसून एकटाच हसलो. अंबाडीच होती ती, घोटीची, रांगडी. देठाला हात लावला तर बारीक काटे टोचत होते.

आता शहाणा माणूस घरी जाऊन म्हणाला असता, ‘दादा, गंमत ऐक.’ मी नाही म्हणालो. कारण पुढचा प्रश्न मला पाठ होता, ‘तुला कसं माहीत ते पान कसं असतं?’ म्हटलं, चार दिवसांत शेंडे खुडण्याजोगे होतील, भाजी ताटात पडेल, मग सांगू. गप्प बसलेल्या माणसावर संशय जास्त घेतात, हे मला कळायला हवं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मी बांधावर वाकून शेंडे खुडत होतो. मागे पाचोळा वाजला. वळून बघितलं तर दादा ओढ्याच्या पलीकडे उभा. मी हात वर केला. त्यानं केला नाही. तो बघत राहिला, आणि मग निघून गेला. मला वाटलं, नेहमीचंच आहे, याच्या पोटात काय असतं ते त्याच्या तंबाखूलाच ठाऊक. जेमतेम मूठभर शेंडे निघाले होते, ते ओल्या फडक्यात बांधून ठेवले. म्हटलं, उद्याचे मिळून भाजीपुरते होतील.

दुसऱ्या दिवशी बांध भुंडा होता. एक काडी शिल्लक नव्हती. माती उकरलेली, मुळांसकट सगळं गायब. ओल्या फडक्यातले शेंडेही गायब. मला वाटलं, शेजारची गाय सुटली असेल. पण गाय फडक्याची गाठ सोडत नाही.

त्याच संध्याकाळी वहिनींनी कपाट उघडलंच नाही. मी विचारलं, ‘वहिनी, आईचं तेल?’ त्या कणीक मळत होत्या, मळतच राहिल्या. ‘संपलं भाऊजी,’ एवढंच म्हणाल्या. बाटली अर्धीअधिक भरलेली होती, ती मी लांबून बघितली होती. आता माझी पाळी होती. कुणी घेतलं? वहिनींनी? छे. विकलं? दादानं? मी एकेकाच्या तोंडाकडे बघत जेवलो. आपल्याच घरात बसून आपल्याच माणसांवर असा संशय घेणं किती घाण लागतं ते त्या दिवशी कळलं. ही माणसं हे रोज करतात. कसं पचतं यांना?

आईनं एक-दोन दिवस कसेबसे काढले. मग पुन्हा फरशीवर तळवे आले. पुन्हा भाताचा वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती विव्हळताना मी ऐकलं, आणि माझं डोकं फिरलं. तसाच हौदावर गेलो. दादा जुड्या धूत होता.

‘तेल कुठंय?’ मी विचारलं.

‘ओतून दिलं.’

‘ओतून दिलं? आईचं औषध?’

‘औषध म्हणं!’ त्यानं हातातली जुडी हौदात आपटली. ‘आधी बाटली आणलीस. मग बांधावर पेरलंस. उद्या काय, दुकान टाकशील? अरे नालायका, सातबारा माझ्या नावावर आहे! एका झाडापायी मी आत जाईन. मळा जाईल. वरून शंभर खिडक्या बघतायत. तुला काही जनाची नाही तर मनाची?’

‘बांधावर अंबाडी होती.’

‘मला अंबाडी शिकवतोस?’ दादा ओरडला. ‘जन्म गेला माझा अंबाडी उपटण्यात! आणि शेंडे खुडत होतास तू, शेंडे! वकिलानं काय सांगितलं होतं ते मी विसरलो नाही.’

आणि तिथं मला लख्ख कळलं. जन्म गेला होता त्याचा अंबाडी उपटण्यातच! वीतभर झाली की त्यानं ती उपटली, बांधली, विकली. बी तो दुकानातून पुडीत आणतो. अंबाडी मोठी झाली की तिचं पान कसं होतं, हे बघायला त्यानं एकही काडी कधी उभी ठेवली नव्हती. गोल पानाच्या पुढची अंबाडी त्याच्या ओळखीचीच नव्हती. आणि धाकटा भाऊ त्याला चांगलाच ओळखीचा वाटत होता.

मी विचारलं, ‘झाडं कुठं टाकलीस?’

दादा जरा चाचरला. झाडं खताच्या खड्ड्यात होती, ओल्या गोणपाटाखाली. जाळायची होती, पण धूर झाला तर सगळ्या सोसायट्यांना वास जाईल म्हणून धीर झाला नव्हता. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी गोणपाट ओढलं. झाडं मलूल पडली होती, पण शेंड्यांत जीव होता. एक शेंडा मोडून त्याच्यासमोर धरला.

‘खा,’ मी म्हटलं.

तो मागे सरकला. खरंच सरकला, साप दाखवल्यासारखा. ‘वेडा झालास का? मला चढवतोस?’

‘खा म्हणतो ना! जीभ खोटं बोलत नाही.’

‘कशाचा आरडाओरडा चाललाय?’

आई होती. भिंतीला धरत धरत ती हौदापर्यंत आली होती, अनवाणी. आजारी पडल्यापासून ती मळ्यात उतरली नव्हती. दादा धावला, पण तिनं त्याचा हात बाजूला केला. तिची नजर माझ्या हातातल्या शेंड्यावर होती. तिनं तो घेतला, नाकाशी नेला आणि तोंडात टाकला. आम्ही दोघं बघत राहिलो. तिचे गाल आत गेले, डोळा मिटला, आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी आलं.

‘आरं, आंबाडी हाय ही,’ ती म्हणाली. ‘माज्या माहेरची. कुनी उपटली रं?’

तिनं दुसरं पान तोडलं आणि दादापुढे धरलं. ‘खा,’ ती म्हणाली. आईपुढे तो काय करणार? त्यानं ओठातला तंबाखू थुंकला आणि पान चावलं. त्याचं तोंड वाकडं झालं. मग तो खाली बघत बराच वेळ चावत राहिला, पान संपून गेलं तरी.

‘मला वाटलं...’ तो म्हणाला.

‘तुला वाटलं!’ आई म्हणाली. ‘तेल वतलंस ते आयकलं म्या. तुला वाटलं, म्हून माज्या हातापायाला आग लागली. तूच पेटीवली.’ एवढं बोलून ती हौदाच्या काठावर बसली, आणि दोन्ही तळवे तिनं गार पाण्यात बुडवले.

दादा तसाच निघाला, हात न पुसता. त्यानं स्कूटर काढली आणि इंदिरानगरला गेला. दुसऱ्या बाटलीसाठी नवी चिठ्ठी लागणार होती, आणि या वेळी तो मला पाठवू शकत नव्हता. तोंड नव्हतं त्याला.

तो जेवायच्या वेळेला परत आला. बाटली वहिनींच्या हातात दिली, आईला थेंब दिले गेले. वहिनींनी तोवर खड्ड्यातल्या झाडांचे चांगले शेंडे निवडून, धुऊन, कण्या घालून भाजी केली होती. आई चार घास जेवली. चारच, पण मागून घेतले. पोलिसांच्या भाषेत म्हणायचं तर मुद्देमाल आम्ही लसणाची फोडणी देऊन खाल्ला.

दादा जेवला नाही. ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसला.

‘कसा बघतो रे तो औषध देणारा माणूस,’ तो म्हणाला. ‘आधार कार्ड बघतो, परत तोंड बघतो. पहिली बाटली कुठं गेली म्हणतो. ओतली म्हटलं तर हसला. मी काय गर्दुल्ला आहे?’

मी सरकून त्याला टेकायला भिंत दिली.

‘तुझ्याकडे असंच बघतात का सगळे?’

‘बाहेरचे नाही बघत दादा,’ मी म्हटलं. ‘त्यांना माहीतच नाही.’

त्यानं मान वळवली. मग म्हणाला, ‘वैद्यांनी विचारलं, घरात कुणाला व्यसन आहे का. मी तुझं नाव सांगायला तोंड उघडलं. तर ते म्हणाले, आधी तोंडातलं थुंकून या, मग बोलू.’

मी हसलो असतो, पण त्याचा चेहरा बघून हसू आलं नाही. इतक्या वर्षांत त्याला कुणी व्यसनी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतो. त्याला पोलीस नाही, तारीख नाही, केंद्र नाही, कमरेला किल्ली नाही. तो उठला, खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली, आणि तिरीमिरीत वहिनींपुढे टाकली. ‘हेही ठेव त्याच कपाटात,’ म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होतो. या वेळी वहिनींचा हात कमरेवर होता, पण नजर माझ्यावर नव्हती. दादा त्यांच्यामागे फिरत होता. स्वयंपाकघरातून मोरीकडे, मोरीतून देवघराकडे. ‘अगं, एक चिमूटभर,’ तो म्हणत होता. ‘पोट साफ होत नाही त्याशिवाय. उद्यापासून नक्की.’ ती चाल मी ओळखत होतो. ते ‘उद्यापासून’ही माझंच होतं, शब्दन् शब्द. आतून आई ओरडली, ‘देऊ नगं गं त्याला किल्ली!’ आणि तिचा तो खणखणीत आवाज ऐकून माझे डोळे भरून आले.

दादा शेवटी माझ्यासमोर पाटावर येऊन बसला. त्याचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, ‘गरम गरम पी. थोडी तलफ चहावर निघते.’

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. आजवर मला सगळे एकच विचारत आले, ‘घेतोस का रे अजून?’ केंद्रात विचारलं, सोयऱ्यांनी विचारलं, यानं तर रोज डोळ्यांनी विचारलं. आज तो कपातल्या चहाकडे बघत हळूच म्हणाला,

‘बारक्या, तू कसं काढलंस रे ते सगळं?’